निवडुंगासाठी वरसंशोधन

बाळाजीपंतांकडे निवडुंगाचा तुकडा मागायला गेलेला माणूस त्यांच्या ओसरीवरून उठायचा तो घामाघूम होऊनच. वास्तविक निवडुंग ही काही कुणाकडे मागायची वस्तू नव्हे. गावाबाहेर पडलं की बांधाबांधावर तो फुकट उभा असतो आणि हातभर तोडून नेला तर कुणाचं काही जात नाही. पण पंतांच्या अंगणातला हवा असेल तर आधी घोंगडीवर बसावं लागे, गुळाचा खडा तोंडात टाकावा लागे आणि मग पंत उपरण्याने चष्मा पुसत म्हणत, "प्रश्न साधा आहे. तुमच्या घरात फार मायाळू बाई कोण आहे?"

मायाळू बाई असणं ही जमेची बाजू, असं ज्याला वाटे तो तिथेच फसे. तो बिचारा आई, बायको, विधवा आत्या अशी नावं सांगत सुटे. पंत मान हलवत. "मग नको. माया उतू गेली की रोज तांब्याभर पाणी घालतील आणि आठ दिवसांत कुजवून ठेवतील." पुढचे प्रश्नही असेच साधे असत. पागोळ्या कुठे पडतात? दुपारचं ऊन येतं का? तुम्ही परगावी गेलात तर हिच्याकडे कोण बघणार? उत्तर पसंत पडलं नाही तर दुसरा गुळाचा खडा देऊन पाहुण्याला वाटेला लावत. "स्थळ जमत नाही," एवढंच म्हणत.

मी जव्हार संस्थानच्या शाळेत मास्तर होतो. पंतांचं घर आमच्या घराला लागून, मध्ये शेराच्या झाडांचं कुंपण. त्यांची उभी हयात जंगलखात्यात, मोखाड्याच्या नाक्यावर सागाच्या गाड्या तपासण्यात गेली होती. बायको मागेच वारली होती. मूलबाळ कुणी दिसत नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण त्या घरात प्रश्न विचारण्याचा मक्ता पंतांकडे होता. गाव त्यांना निवडुंगराव म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नसे.

मी हे हसत सांगतो आहे खरा, पण त्या वर्षी आमच्या घरात हसण्यासारखं काही नव्हतं. वडील गेले होते. माझ्या धाकट्या बहिणीला, यमूला, अकरावं लागलं होतं आणि तिचं लग्न जमत नव्हतं. आम्ही स्थळामागून स्थळ पाहत होतो, म्हणजे स्थळं आम्हाला पाहत होती आणि नाक मुरडून जात होती. आईने अन्नपाणी सोडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आणि कुंपणापलीकडे हा गृहस्थ काट्यांसाठी चांगली चांगली स्थळं नाकारत बसलेला. आईला त्याचा फार संताप येई.

जव्हारचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पंतांचा वेडेपणा नीट कळेल. चार महिने इथे भिंतींना शेवाळ धरतं, दारं फुगतात, पेटीतल्या धोतराला बुरशी येते. अशा मुलखात ज्यांना पाणी सोसत नाही अशी झाडं जमवायची, हे म्हणजे आ बैल मुझे मार. पंतांनी त्यावर तोड काढली होती. सूर्यमाळच्या डोंगरावरच्या एका बाईकडून त्यांनी पानांची लहान लहान इरली विणून घेतली होती. आषाढात त्यांच्या अंगणात बघावं तर भाताच्या आवणीला वाकलेल्या बायकांसारखी झाडांची रांग इरली पांघरून बसलेली. स्वतः पंत मात्र भिजत हिंडत, कारण त्यांची छत्री माकडशिंग नावाच्या झाडाला दिलेली असे.

एकदा पंत तापाने पडले होते तेव्हा आईने दया येऊन त्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं. दया मोठी होती, त्यामुळे पाणीही पुष्कळ होतं. एक गोल, फुगीर झाड चार दिवसांत मऊ पडलं आणि खाली बसलं. पंत कुंपणाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या मायेनं गेली हो." त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. आई म्हणाली, "काट्याचं सुतक पाळणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही."

आमच्या लोकांत काटेरी झाड दारात लावत नाहीत. घरात भांडणं होतात म्हणे. पंतांच्या घरात भांडायला दुसरं माणूसच नव्हतं, तेव्हा ती अडचण त्यांना नव्हती. पण बाकीच्या जगात या झाडांना कोण कसं वागवतं याचा मात्र त्यांना ध्यास होता. कुठल्या जातीचा, कुठल्या मुलखाचा माणूस भेटो, ते याच विषयावर येत.

बाजारातल्या हसनभाई बोहऱ्याने एकदा कोरफड मागितली. कुठे लावणार, असं पंतांनी विचारलं. हसनभाई म्हणाला, "लावायची नाय पंत, दारावर उलटी लटकवायची. दुकानला नजर नाय लागते."

"उलटी? मुळं वर?" पंतांचा चेहरा उतरला. "मातीशिवाय?"

"जिवती राहते ना. हवावर राहते. आमच्या बावाजीच्या कबरपर पण लावली हाय. तिथे पानी घालायला रोज कोन जाणार? ती आपली आपण हिरवी राहते."

पंत कुंड्यांकडे बघत राहिले. मग उठले आणि सगळ्यात मोठी कोरफड उपटून त्याच्या हातात दिली. पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. मला त्याचं नवल वाटलं.

सूर्यमाळच्या जान्या या वारली माणसाची तर त्यांनी स्वतःहून निवड केली. जान्याच्या झोपडीच्या कोपऱ्यावर निवडुंग होता आणि पंतांनी विचारलं, याला पाणी किती घालतोस? जान्या त्यांच्याकडे बघतच राहिला. "पानी? चैतात आमच्या बायका दरीत उतरतात, वाटीवाटीनं पानी भरतात. याला कोन घालल? त्याला ठावा हाय, आपल्याला काय मिलनार नाय." पंत खूष झाले. असं समजूतदार घर मिळत नाही, म्हणाले, आणि आपला उत्तम त्रिधारी निवडुंग त्याला दिला. पुढच्या खेपेला आम्ही दोघे गेलो तो निवडुंगाच्या अर्ध्या फांद्या गायब. जान्याने त्या फांद्यांचा चीक ओढ्यात टाकून मासे गुंगवून धरले होते. मला वाटलं, आता पंत त्याचा उद्धार करणार. पण जान्या म्हणाला, "त्याला इचारून तोडलं, बाबा. हात जोडून इचारलं." पंत परतताना सारखे तेच बोलत होते. विचारलं म्हणे. हात जोडून विचारलं.

आणि एक गोरा साहेब. तो संस्थानावरच्या पोलिटिकल एजंट साहेबाबरोबर शिकारीला आला होता, पण वाघापेक्षा त्याला झाडाझुडपांत गोडी. दुभाष्या म्हणून मी. साहेब पंतांच्या अंगणात गुडघ्यांवर बसला, भिंगातून माकडशिंग पाहिलं, त्याचं चित्र काढलं, एक लांबलचक नाव उच्चारलं. पंत मला म्हणाले, "मास्तर, प्रश्न साधा आहे, विचारा. घरात मायाळू बाई कोण?" मी ते इंग्रजीत कसं विचारलं ते माझं मला माहीत. साहेब म्हणाला की विलायतेत या झाडांसाठी त्याचं काचेचं घर आहे, थंडीत आत शेगडी असते, वेगळा माळी असतो आणि मडमेला आत यायची परवानगी नाही. पंतांनी माकडशिंग दिलं. वर्षाने पोलिटिकल साहेबाच्या कारकुनाकडून कळलं की त्याला फूल आलं, फुलाला सडक्या मांसाची घाण सुटली आणि मडमेने ते उचलून बाहेर बर्फात ठेवलं. "श्रीमंत घर होतं," पंत म्हणाले, "पण पहिल्याच फुलाला पोरीला बाहेर काढलं." हसावं की नाही ते मला कळेना.

या अंगणात मोकळेपणाने फिरायची परवानगी एकट्या आमच्या यमूला होती. "ही मायाळू नाही," पंत म्हणत, "ही नुसती बघते." यमू तासन् तास कुंड्यांपाशी उकिडवी बसे आणि पंत तिच्याकडे बघत ओसरीवर बसत. तिला सासरी कधी पाठवणार, हे कुणी तिच्यासमोर बोललेलं त्यांना खपत नसे.

अखेर एक स्थळ आलं. त्र्यंबकच्या अलीकडच्या एका गावचं घराणं, शेतीवाडी चांगली, गोठा भरलेला. मुलगा बिजवर होता, पहिली बायको वारलेली. पण वय फार नव्हतं, पत्रिका जुळत होती आणि मुख्य म्हणजे त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. आईने देव पाण्यात ठेवले. बैठकीला आमच्या बाजूने कुणी वडीलधारा पुरुष हवा, तो नव्हता. आईने नाइलाजाने मला पंतांना बोलवायला पाठवलं. "नुसतं बसायचं म्हणावं," तिने बजावलं.

अशा बैठकीत मुलीकडच्यांनी काही विचारायचं नसतं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मुलाकडच्यांनी विचारायचं. मुलगी स्वयंपाक करते का, सोवळंओवळं कळतं का, दृष्टी चांगली आहे का, घरात कुणाला क्षय होता का. आपण उत्तरं द्यायची आणि तबक पुढे सरकवायचं. मी उत्तरं देत होतो, तबक सरकवत होतो. यमू नमस्कार करून आत गेली. मुलाच्या वडिलांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "तर मग तिथी बघायला हरकत नाही."

पंतांनी उपरण्याने चष्मा पुसला. मी घाईने तबक पुढे सरकवलं.

"प्रश्न साधा आहे," ते म्हणाले. "पहिली सून कशाने गेली?"

"तापाने," मुलाचे वडील म्हणाले.

"किती दिवस होता ताप?"

"असेल पंधरवडाभर."

"औषध कुणाचं?"

"घरचंच. आवणीचे दिवस, गडीमाणसं सगळी शेतावर. वैद्याला आणायला पाठवणार कुणाला?"

"तिचं माहेर किती लांब?"

"जवळच. अर्ध्या दिवसाची वाट."

"मग माहेरी कधी कळवलंत?"

मुलाच्या वडिलांनी सुपारी चावायची थांबवली. "तेरावं झाल्यावर."

नवऱ्यामुलाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि बापाकडे पाहून मिटलं. बाप उठला. "मास्तर, ही बैठक आहे की फौजदारी? सून तापाने गेली. माणसं जातात. आम्हाला मुलींची वाण नाही." आणि ती मंडळी उठून गेली. पानं तशीच तबकात राहिली.

आई आत सगळं ऐकत होती. ती परसातून धावत शेराच्या कुंपणाशी गेली. पंत तिकडे आपल्या कुंड्यांत जाऊन उभे होते. "माझ्या पोरीचं लग्न मोडलंत तुम्ही," ती ओरडली. आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या. "काटे पाळून पाळून काळजाला काटे आले तुमच्या. पोटी एखादं पोर असतं तर कळलं असतं!"

"होती, वहिनी," पंत म्हणाले.

ते इतक्या हळू बोलले की आईला गप्प बसावंच लागलं.

"मी मोखाड्याला नाक्यावर होतो तेव्हाची गोष्ट. गोदा नाव. नऊ वर्षांची दिली. त्यांनी विचारलं, मी उत्तरं दिली. पत्रिका पाहिली. तबक सरकवलं. माझ्याकडून एक प्रश्न गेला नाही. मला वाटलं, झालं. दुसऱ्या पावसाळ्यात एक गाडीवान लाकडं घेऊन नाक्यावर आला. मी गाडी तपासत होतो. तो आपला सहज बोलला, अमक्या गावात परवा सरण पेटेना म्हणाला, लाकडं ओली, कुणाची तरी सून होती. गाव गोदाच्या सासरचं होतं. मी म्हटलं, तिथे सुना पुष्कळ. गाडी तपासून झाली, सोडली, आणि मग चालत निघालो. पाच कोस."

आई दोन्ही हातांनी शेराच्या फांद्या धरून उभी होती.

"तिची म्हणून घरात काही ठेवलं नव्हतं. गोठ्यामागे भिंतीच्या फटीत पानफुटी उगवलेली दिसली. आमच्याकडून जाताना पदराच्या गाठीत पान बांधून नेलं होतं तिने, मला माहीत होतं. त्याला त्या घरात कुणी पाणी घातलं नव्हतं. ते जगलं. तिला तेवढं जमलं नाही. ते उपटून घेऊन आलो, आणि मग असली झाडं दिसली की आणत गेलो."

आई तिथेच खाली बसली. शेजारणी आत गेल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात पंतांबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं नाही. पण यमूचं लग्न मोडलं ते मोडलंच होतं, आणि मुलीकडचे उलट प्रश्न विचारतात ही कीर्ती आमच्याआधी चार गावं पुढे गेली होती. दीड वर्ष आमच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. ते दीड वर्ष आईने कसं काढलं ते मी जवळून पाहिलं आहे. पंतांना दोष देता येत नव्हता आणि रात्री झोप लागत नव्हती.

मग पंतांनीच स्थळ शोधलं. त्यांची तऱ्हा अशी की भर दुपारी अनोळखी घराच्या मागच्या दाराशी जायचं आणि पाणी मागायचं. पाणी कुठली सून आणते, तिच्या अंगावर काय आहे, तिच्या मागून आतून कुणी ओरडतं का, ते बघायचं आणि पाणी पिऊन निघायचं. दोन ठिकाणी कुत्री अंगावर आली, एका ठिकाणी चोर म्हणून धरलं. शेवटी जव्हारातलंच एक घर त्यांना पसंत पडलं. शेती साखरशेत गावी, घर आमच्यापासून दोन आळ्यांवर. तिथली थोरली सून पाणी द्यायला आली ती गाणं गुणगुणत आली, एवढ्यावर त्यांनी पसंती दिली. यमू तिथे सुखी राहिली. आजही आहे.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. यमूच्या लग्नानंतरच्या श्रावणात मोखाड्याहून आलेल्या माणसाने मला सांगितलं की त्र्यंबककडच्या त्या घराण्याने आमच्याकडून उठून गेल्यावर महिन्याभरात मोखाड्याच्या रामभटांची मुलगी केली होती. चंपा नाव. ती गेली. ताप होता म्हणे. आवणीचे दिवस होते.

पंतांपासून लपवावं असं मला वाटलं, पण त्यांच्यापासून काही लपत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हतो? ते म्हणाले, "मी यमूपुरतं विचारलं, मास्तर, आणि घरी आलो. ते दुसऱ्या दारात जाणार हे तो म्हातारा 'मुलींची वाण नाही' म्हणून तोंडाने सांगून गेला होता. मी ऐकलं आणि घरी आलो." मी पुष्कळ समजावलं. आपण तरी कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगणार, म्हटलं. ते ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी केली आणि आम्ही मोखाड्याला गेलो. रामभट ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. आम्हाला ते ओळखत नव्हते. चार माणसं समाचाराला आली होती आणि जे बोलायचं असतं ते बोलत होती: प्राक्तन, ऋणानुबंध, पोर सौभाग्यवती गेली, सोनं झालं. रामभट प्रत्येकाला मान हलवत होते. माणसं एकेक करून उठली. पंत उठले नाहीत. मला वाटलं, आता ते त्या घराण्याबद्दल सांगणार, आणि या माणसाच्या जखमेवर मीठ पडणार. मी त्यांना खुणेने उठा म्हणत होतो.

"माझी एक होती," पंत म्हणाले. "गोदा."

रामभटांनी वर पाहिलं.

"जेवायला बसली की भाताचे डोंगर करायची ताटात. वरण मध्ये ओढ्यासारखं सोडायची. आणि मला विचारायची, बाबा, यातला सूर्यमाळ कुठला? मी सांगितल्याशिवाय घास घ्यायची नाही. मी मुद्दाम चुकीचा सांगायचो. मग रागवायची."

रामभट खांब सोडून पुढे सरकले. मग म्हणाले, "आमची भात खायचीच नाही. नागलीची भाकरी पाहिजे. भटाच्या घरात! गड्याच्या बायकोच्या चुलीपाशी जाऊन बसायची, तिच्याकडून मागून घ्यायची. मी फटके दिलेत त्यावरून." त्यांना हसू आलं आणि ते उपरण्यात तोंड घालून रडू लागले. पंतांनी त्यांना रडू दिलं. मग गोदाचं आणखी काही सांगितलं, मग रामभटांनी चंपाचं.

दुपार टळली. घाट उतरायचा होता, आभाळ भरून आलं होतं, गाडीवान बैल जुंपून खोळंबला होता. मी त्याला बैल सोडायला सांगितलं आणि पायरीवर बसलो. ओसरीवर रामभट सांगत होते, कैऱ्यांचे दिवस होते, चंपा मागच्या आंब्यावर अगदी शेंड्याला चढून बसली होती, सगळं घर खाली उभं राहून हाका मारत होतं, आणि पोरगी काही केल्या खाली यायला तयार नव्हती.